साथीदाराचे स्वातंत्र्य

ज्याने आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे दुसऱ्याच्या गाण्याखाली आपला स्वर अंथरण्यात घालविली, त्याने एके दिवशी ते अंथरूण गुंडाळून स्वतःच बैठकीच्या मध्यभागी येऊन बसावे, हा त्याने केलेला स्वधर्माचा त्याग समजावा की उशिरा का होईना पण त्याला झालेली स्वधर्माची ओळख समजावी, हा प्रश्न वरवर पाहता संगीताच्या व्यवहारातला, किंबहुना बिदागीच्या आणि जाहिरातीतील नावांच्या क्रमाच्या तंट्याबखेड्यातला वाटेल. परंतु जरा खोल गेले असता तो गीतेच्या तिसऱ्या अध्यायाशी जाऊन भिडतो, आणि आणखी खोल गेले असता द्वैती व अद्वैती यांच्यामधला जो वाद सातशे वर्षे मिटलेला नाही, त्याच्या उंबरठ्यावर आपल्याला आणून सोडतो. सेवकाने स्वामी व्हावे की न व्हावे, हा राज्यशास्त्राचा विषय झाला. मला विचारावयाचे आहे ते एवढेच की, सेवा हीच ज्याची विद्या, त्याने ती विद्या घेऊन एकट्याने उभे राहावयाचे ठरविले तर त्या विद्येचे काय होते, आणि ऐकणाऱ्यांनी त्याचा न्याय कोणत्या मापाने करावा.

या विचाराला बंगळूरच्या मल्लेश्वरमइतकी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल. 1898 च्या प्लेगनंतर जुन्या पेठांची दाटी सोडून माणसे ज्या मोकळ्या वसाहतीत राहावयास आली, तिला नाव मिळाले ते काडु मल्लेश्वराच्या देवळावरून, म्हणजे रानातल्या मल्लिकार्जुनावरून. आणि हे देऊळ शहाजीराजांचे पुत्र, शिवछत्रपतींचे सावत्र बंधू, व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांनी उभविले असे येथील परंपरा सांगते. देवस्थानाला गाव इनाम दिल्याचा 1669 सालचा शिलालेखही आहे. बंगळूर ही तेव्हा भोसल्यांची जहागीर होती. पुढे व्यंकोजी तंजावरास गेले, तेथे गादी स्थापन झाली, आणि त्याच गादीवरील दुसऱ्या सरफोजीच्या काळात दरबारात युरोपीय वाद्ये नांदू लागली. बालुस्वामी दीक्षितांनी मद्रासेत एका युरोपीय वादकाकडून व्हायोलिनची विद्या घेतली, तंजावरच्या वडिवेलूने ती पुढे त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळांपर्यंत नेली, आणि पाहता पाहता हे परदेशी वाद्य कर्नाटक संगीतात गायकाच्या शेजारी असे काही मुरले की आज ते नसेल तर कचेरी, म्हणजे मैफल, अपुरी वाटते. मात्र त्याला जी जागा मिळाली ती शेजारची. वतन मिळाले, पण ते साथीचे.

त्याच वाद्याच्या आकाराची एक भव्य वास्तू मल्लेश्वरमच्या कडेला उभी आहे. तिरुमकूडलु चौडय्या (1895–1967) यांच्या स्मरणार्थ 1980 साली के. के. मूर्ती यांच्या पुढाकाराने बांधलेले हे सभागृह साक्षात एक प्रचंड व्हायोलिन आहे. तारा, खुंट्या, घोडी, गज, सारे काही त्यात आहे. चौडय्या हे म्हैसूरच्या बिडारम कृष्णप्पांचे शिष्य. त्यांनी स्वतंत्र वादन केले नाही असे नाही, परंतु त्यांची कीर्ती प्रामुख्याने मोठमोठ्या गवयांच्या साथीची. आणि ध्वनिवर्धक नसलेल्या काळात साथीचा स्वर शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून त्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या. शेजारच्या जागेवरून न हलता त्या जागेचा पैस वाढविण्याचा हा मार्ग होय. 1957 साली मद्रासच्या संगीत अकादमीने त्यांना संगीत कलानिधी ही पदवी दिली. एका साथीदाराच्या वाद्याचे अख्खे मंदिर करावे, आणि त्या मंदिरात आजही साथीदाराने रंगमंचाच्या मध्यापासून हातभर बाजूलाच बसावे, ही विसंगती तेथे जाणाऱ्या कोणाला फारशी खटकत असल्याचे दिसत नाही. दक्षिणेच्या रसिकांवर टीका करण्याचा माझा अधिकार नाही. तरीपण मुख्य कृतीनंतर मृदंगवादकाला तनि आवर्तनाची, म्हणजे एकट्याने वाजविण्याची मुभा मिळते तेव्हाच नेमकी कॉफीची तलफ अनेकांना अनावर होते, हे त्या रसिकांनी स्वतःच थट्टेने मान्य केलेले आहे.

आता थोडे दूरचे उदाहरण घेतो, कारण प्रश्नाचे टोक तेथे अधिक तीक्ष्ण झालेले आहे. अमेरिकेत आणि इंग्लंडात 1970 नंतरच्या दशकात पंक नावाचा जो उद्दाम, तोकडा आणि मुद्दाम अडाणी दिसणारा संगीतप्रकार उदयास आला, त्यात बेस गिटार वाजविणाऱ्याचे स्थान आपल्या साथीदारासारखेच आहे. चार जाड तारांचे ते वाद्य खालच्या सप्तकात लय आणि स्वर यांची गाठ मारून देते; श्रोत्याचे लक्ष गाणाऱ्याकडे आणि वरच्या गिटारीकडे असते, आणि बेस आहे हे पुष्कळांना तो थांबल्यावरच कळते. न्यूयॉर्कच्या रमोन्स या मंडळीतला डी डी रमोन हा असा बेसवाला. प्रत्येक गाण्याच्या आरंभी एक ते चार आकडे ओरडून सर्वांना गतीला लावण्याचे काम त्याचे. मंडळीची कितीतरी गाणी रचली तीही त्याने. पुढे 1989 साली त्याने ‘डी डी किंग’ असे नवे नाव धारण करून एकट्याची ध्वनिमुद्रिका काढली, आणि तीही पंकची नव्हे तर रॅपची. तिचे नाव होते ‘स्टँडिंग इन द स्पॉटलाइट’. प्रकाशझोताखाली येऊन उभे राहिल्याची घोषणा नावातच होती. समीक्षकांनी तिची जी संभावना केली तीत दयामाया नव्हती. आजवरच्या निकृष्टतम मुद्रिकांच्या यादीत तिला बसविण्याची चढाओढच लागली. त्याच वर्षी त्याने मंडळी सोडली. गंमत अशी की सोडल्यानंतरही तो त्यांच्यासाठी गाणी रचून देतच राहिला. जागा सुटली, साथ सुटली नाही.

दुसरा बेसवाला माइक वॉट. कॅलिफोर्नियातल्या सॅन पेड्रो या बंदराच्या गावचा हा माणूस; बाप आरमारात, जहाजाच्या इंजिनघरात नोकरीला. त्याच्या हाती बेस आला तो आवडीनिवडीने नव्हे. डी. बून हा त्याचा बालमित्र; मुलांनी रस्त्यावर उनाडक्या करण्यापेक्षा मिळून काही वाजवावे म्हणून त्या मित्राच्या आईने एकाच्या हाती गिटार दिली आणि दुसऱ्याला बेस वाजव म्हणून सांगितले. त्या दोघांनी जॉर्ज हर्ली या ड्रमवाल्याबरोबर मिनिटमेन ही मंडळी उभी केली. 1985 च्या डिसेंबरात मोटार अपघातात बून गेला, तेव्हा ज्याच्या गाण्याखाली स्वर धरावयाचा तोच नाहीसा झाल्याने वॉटने वाद्य खाली ठेवल्यातच जमा होते. एका तरुण चाहत्याच्या आग्रहाने त्याने फायरहोस ही दुसरी मंडळी काढली, ती आठ वर्षे चालली, आणि ती मोडल्यावर 1995 साली त्याची पहिली स्वतंत्र मुद्रिका आली: ‘बॉल-हॉग ऑर टगबोट?’ चेंडू स्वतःपाशीच दाबून धरणारा आपमतलबी खेळाडू व्हावे, की मोठ्या जहाजांना धक्क्यापाशी ओढून आणणारी बंदरातली लहानशी बोट व्हावे, असा प्रश्न स्वतःच्या पहिल्या स्वतंत्र कृतीच्या कपाळावर लिहिणारा दुसरा कलावंत मला माहीत नाही. आणि त्याने उत्तर कसे दिले पाहा. बेसवाल्याला गाणे पाठ असले म्हणजे वर कोणीही येऊन गावे, वाजवावे, या श्रद्धेने त्याने कितीतरी नामांकितांना बोलाविले. पर्ल जॅमचा एडी व्हेडर गायिला, निर्वाणाचा डेव्ह ग्रोल ड्रमवर बसला. आणि ज्याच्या नावाची मुद्रिका, त्याचा स्वतःचा कंठ तीत फार थोडा ऐकू आला. त्या वर्षीच्या दौऱ्यात हेच दोघे त्याच्या साथीला होते, आणि गर्दी लोटली ती पुष्कळशी त्या साथीदारांना पाहावयास! यजमानाने घर बांधावे आणि लोकांनी पाहुण्यांचे दर्शन घेऊन परतावे, असा तो प्रकार झाला.

दोन वर्षांनी त्याने ‘कंटेम्प्लेटिंग द एंजिन रूम’ काढली. येथे पाहुणे नाहीत. तिघेच वादक, आणि सारी गाणी वॉटने स्वतः म्हटलेली, आपल्या रांगड्या, फारशा न सजविलेल्या आवाजात. जहाजाच्या इंजिनघरातला एक दिवस असा तिचा आकृतिबंध. वरवर ती बापाची कथा, आतून गेलेल्या मित्राची आणि मोडलेल्या मंडळीची. समीक्षकांनी तिचे मनापासून स्वागत केले, आणि माझ्या मते योग्य केले. कारण मध्यभागी येऊन बसल्यावरही या माणसाने वर्णन केले ते जहाजाच्या डेकचे नव्हे, तर ज्याच्यामुळे डेक हलतो त्या तळघराचे. पुढे 2000 साली तो मरणाच्या दारातून परतला, आणि त्या आजारावर 2004 साली जी तिसरी मुद्रिका निघाली तिची बांधणी त्याने दान्तेच्या महाकाव्यावरून घेतली: नरक, शोधनलोक, स्वर्ग. दान्तेच्या त्या प्रवासात व्हर्जिल हा प्राचीन कवी वाटाड्या म्हणून बरोबर असतो, आणि स्वर्गाच्या सीमेवर दान्ते मागे वळून पाहतो तो व्हर्जिल तेथे नसतो; ख्रिस्ती धर्माबाहेरच्या या कवीला पुढे प्रवेश नाही. आपल्याकडे महाप्रस्थानाच्या शेवटी युधिष्ठिरापुढे हाच पेच पडला, तेव्हा बरोबर चालत आलेल्या कुत्र्यावाचून स्वर्ग नको असे तो म्हणाला. दोन संस्कृतींचे साथीदाराविषयीचे अभिप्राय मला या दोन प्रसंगांत जेवढे स्पष्ट दिसतात तेवढे त्यांच्या संगीतशास्त्राच्या ग्रंथांतही दिसत नाहीत. मात्र त्यावरून आपण फुशारून जाण्याचे कारण नाही, कारण सारंगीवाल्यांशी आपण कसे वागलो याचा हिशेब अजून व्हावयाचा आहे.

त्या हिशेबाचा आरंभ मुंबईत झाला. सारंगीवादक रामनारायण हे उदयपुराकडचे. 1927 चा जन्म. लाहोरच्या आणि नंतर दिल्लीच्या आकाशवाणीवर ते साथीला होते, आणि काही गायकांची त्यांच्याबद्दल तक्रार अशी की हा माणूस साथ करताना फार पुढे पुढे येतो. रामनारायणांचे म्हणणे असे की गायकाला सुरात ठेवणे आणि त्याला स्फुरण देणे हेच आपले काम. 1949 साली ते मुंबईस आले, चित्रपटांतून वाजवू लागले, आणि 1950 साली एच.एम.व्ही.साठी त्यांनी एकट्याच्या सारंगीच्या तीन तबकड्या व पुढच्या वर्षी एक छोटी दीर्घमुद्रिका दिली. तिला मागणी आली नाही. 1954 साली कावसजी जहांगीर हॉलमधील महोत्सवात ते प्रथम एकटे बसले, तेव्हा पुढच्या नामवंतांसाठी अधीर झालेल्या श्रोत्यांनी त्यांना वाजवू दिले नाही, कार्यक्रम अर्ध्यावर आटोपावा लागला. आणि त्यांच्या मनात सारंगी सोडून गायक व्हावे असा विचार आला. ही गोष्ट पुनःपुन्हा मनाशी घोळवावी अशी आहे. ज्या वाद्याची सारी प्रतिष्ठा गळ्याची हुबेहूब छाया होण्यात आहे, ते वाद्य एकटे ऐकणे लोकांनी नाकारले, म्हणून वादकाने गळ्याकडेच वळावे असे त्याला वाटले! छायेला स्वतंत्र अस्तित्व नाही, असा निकाल श्रोत्यांनी दिला, आणि त्या क्षणापुरता तो वादकालाही मान्य झाला.

तसे घडले नाही. रामनारायणांनी लहान लहान बैठकींतून वाजविणे चालू ठेवले, 1956 साली मुंबईच्याच एका महोत्सवात पुन्हा एकटे बसले, आणि या खेपेला त्यांचे स्वागत झाले. त्यानंतर त्यांनी साथ करणे सोडले. मधल्या दोन वर्षांत सारंगीच्या तारा वाढल्या नव्हत्या की गज बदलला नव्हता. पुढे 2005 साली पद्मविभूषण मिळाले, तेव्हा 1954 च्या त्या संध्याकाळी ओरडणाऱ्यांपैकी कोणी टाळ्या वाजविणाऱ्यांतही असेल.

आता शास्त्राकडे वळू. परधर्म आचरण्यास सोपा असला तरी त्यापेक्षा आपला उणा धर्म बरा, हा गीतेचा सिद्धान्त सर्वांना ठाऊक आहे, आणि ज्ञानेश्वरांनी त्याचे विवरण केले तेही. विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगातील प्रवचनांत स्वधर्माची गोष्ट आईच्या दृष्टान्ताने समजावून दिली: आई निवडून घ्यावयाची नसते, ती असतेच. वॉटला बेस मित्राच्या आईने दिला, हे विनोबांना कळते तर ते कदाचित हसले असते. परंतु या सिद्धान्ताचा एक उपयोग शतकानुशतके असा झाला आहे की, जो मध्यभागी बसला आहे त्याने बाजूला बसलेल्याला सांगावे, बाबा, तुझा धर्म बाजूला बसण्याचा. सारंगिया आणि तबलजी यांना कोठीवरच्या गाण्याच्या संबंधामुळे भल्या घरांतून जी वागणूक मिळत आली, तीत स्वधर्माची ही सोयीस्कर व्याख्या मुरलेली होती. धर्म आणि आसन यांचा घोटाळा झाला म्हणजे असे होते. माझे म्हणणे असे की साथीदाराचा स्वधर्म त्याच्या बसण्याच्या जागेत नाही, त्याच्या ऐकण्यात आहे. गायक कोठे जाणार हे त्याच्या आधी अर्ध्या मात्रेने ओळखणे, तो चुकला तर ती चूकच जणू अभिप्रेत होती असे भासविणे, त्याने सोडलेली फट भरणे आणि न सोडलेली फट न उकरणे: ही जी श्रवणाची विद्या, ती घेऊन कोणी मध्यभागी आला तर त्याने काहीच त्यागलेले नाही; आणि ती बाजूच्या आसनावरच ठेवून जो नुसता मध्यभागी आला, त्याने जागा मिळविली खरी, पण येताना हात रिकामे आणले.

या मापाने रामनारायण आणि वॉट यांचा न्याय सरळ होतो. डी डी रमोनचा होत नाही. त्याने बेस बाजूला ठेवून रॅप म्हटले, म्हणून तो रिकाम्या हाताने आला असे म्हणणे सोपे आहे. परंतु रॅप हाच त्याचा दबलेला स्वधर्म असेल, आणि गीतेने ज्याला उणा पण आपला म्हटले तो हाच असेल, तर समीक्षकाला ते कळावे कसे? कृती उणी आहे एवढे त्याला दिसते. ती ज्याची त्याची आहे की नाही हे दिसत नाही. ‘तुझे काम मागे उभे राहण्याचे होते’ असे म्हणणारा समीक्षक आणि 1954 चा तो अधीर श्रोता यांच्या निर्णयांत फरक आहे तो एवढाच की पहिल्याच्या बाबतीत कृती खरोखरच वाईट होती. निकाल बरोबर आणि कारणमीमांसा चुकीची, हा प्रकार न्यायालयांप्रमाणेच समीक्षेतही वारंवार घडतो.

द्वैती मध्वाचार्यांपुढे हा खटला गेला असता तर? त्यांच्या मते तत्त्वे दोनच, स्वतंत्र आणि अस्वतंत्र. स्वतंत्र तो एक विष्णू, बाकीचे सारे त्याच्या अधीन. जीवाजीवांतही तारतम्य आहे, आणि ते मुक्तीतही पुसले जात नाही. पहिल्या वाचनात ही व्यवस्था कठोर वाटते. परंतु कर्नाटकाच्या भूमीत काही काळ राहिले, हरिदासांची पदे कानांवरून गेली म्हणजे ध्यानात येते की अस्वतंत्र असणे ही येथे अवहेलना नाही, ती जीवाची बैठक आहे. या दर्शनात साथीदाराचे एकट्याने बसणे हा निव्वळ भास. मध्यभागी बसलेला गवईसुद्धा साथीलाच आहे, त्याचा मुख्य कलाकार कोणाला दिसत नाही एवढेच. उलट अद्वैती शंकराचार्यांकडे गेले तर साथीदार आणि गायक हा भेदच उपाधीमुळे भासणारा. स्वर एक, त्याला दोन नावे व्यवहारापुरती. मला स्वतःला या दोहोंत मध्व संगीताच्या अधिक जवळचे वाटतात, कारण दोन स्वर खरोखर दोन असल्यावाचून संवाद होत नाही, आणि संवादावाचून साथ नाही. परंतु तारतम्य अढळ आहे हे त्यांचे म्हणणे मैफलीत बसलेला मनुष्य मान्य करील असे वाटत नाही.

लोकधर्म तर ते मान्य करीतच नाही. महाराष्ट्रातल्या गावोगावी वेशीवर मारुती एकटा उभा आहे. समर्थांनी स्थापिलेले अकरा मारुती साताऱ्या-कोल्हापुराकडे आजही पुजले जातात. ज्याचे सारे चरित्र दुसऱ्याच्या कार्यात गेले, माध्व परंपरेने ज्याला वायूचा अवतार म्हणून जीवांत सर्वश्रेष्ठ मानले पण स्वतंत्र मानले नाही, त्याचे रामावाचूनचे देऊळ बांधताना गावाला काही चुकल्यासारखे वाटले नाही. रामाला सोडून हा पुढे आला, असे कोणी म्हटले नाही. मल्लेश्वरमातही तेच. काडु मल्लेश्वराच्या समोर 1997 च्या सुमारास मातीखालून जे प्राचीन तीर्थ निघाले, त्याला लोक ओळखतात ते दक्षिणमुख नंदीच्या नावाने. नंदीच्या मुखातून पडणारे पाणी खालच्या लिंगावर धार धरते. आणि बसवनगुडीत तर नंदीचेच प्रचंड देऊळ आहे. शिवासमोर बसून त्याच्याकडे एकटक पाहणे एवढेच ज्याचे काम, त्याच्यासमोर आता माणसे बसतात. त्याने आपले आसन बदलले नाही. पाहणाऱ्यांनी तोंड फिरविले.

मल्लेश्वरमच्या ‘पंचवटी’ या घरात राहिलेल्या सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या विषयावर, नकळत, एक मोठा पुरावा ठेवून दिला आहे. बंगळूरला येण्याच्या पुष्कळ आधी, कलकत्त्यास असताना, 1921 साली त्यांनी तंबोरा आणि वीणा या वाद्यांवर एक निबंध लिहिला. यंग आणि हेल्महोल्ट्झ यांच्या नियमाप्रमाणे तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची गाठ पडते ते उपस्वर उमटू नयेत. रामन यांना आढळले ते असे की आपल्या या वाद्यांत ते उमटतात, आणि चांगले जोरकस उमटतात. कारण त्यांची घोडी धारदार नसून रुंद व वक्र आहे, तार तिच्यावर स्पर्शत स्पर्शत कंप पावते, आणि तंबोऱ्यात तर जवारीचा दोरा तो स्पर्श अधिकच सूक्ष्म करतो. सर्वांत मागे, बहुधा शिष्याच्या हाती, ज्याचे नाव पत्रिकेत छापले जाईलच असे नाही, त्या वाद्यात नियमाने असू नये ते असते! खरजाची तार एकच स्वर धरते असे म्हणणारा तंबोरा नीट ऐकत नाही. सप्तके तीत आधीच आहेत, गायक त्यांतून आपल्याला लागतील ती उचलतो. मग साथीदाराने स्वतंत्र मुद्रिका काढली म्हणजे त्याने नवे काही आणले असे समजण्यापेक्षा, इतके दिवस इतरांनी जे उचलून नेले त्याची मोजदाद त्याने प्रथमच स्वतःच्या नावे मांडली असे समजणे अधिक न्याय्य नव्हे काय? समीक्षकाने अशा मुद्रिकेपुढे बसताना ‘याला एकट्याला जमते का’ हे विचारण्याऐवजी ‘याने काय काय ऐकले होते’ हे विचारावे. वॉटची इंजिनघराची मुद्रिका या प्रश्नाला भरभरून उत्तर देते. डी डीची देत नाही, आणि ती तेथे पडते, रॅपमुळे नव्हे.

रामनारायणांच्या बाबतीत एक बाजू मात्र अजून सुटी राहते. 1964 साली ते पहिल्या मोठ्या परदेश दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांच्या तबल्याच्या साथीला त्यांचे थोरले बंधू चतुरलाल होते. हे तेच चतुरलाल, जे 1955 साली न्यूयॉर्कमध्ये अली अकबर खाँ यांच्या साथीला बसले आणि ज्यांचा तबला तिकडे निघालेल्या भारतीय शास्त्रीय संगीताच्या पहिल्या दीर्घमुद्रिकेवर वाजला. धाकट्याने साथ सोडली, ती थोरल्याने त्याच्यासाठी धरली, आणि लगेच पुढच्याच वर्षी, वयाची चाळिशी गाठते न गाठते तोच, ते गेले. तबलजी स्वतंत्र वाजवावयास बसतो तेव्हा त्याला लागतो तो लेहरा, एकच सुरावट आवर्तनामागून आवर्तन तशीच धरून ठेवणारी. आणि तो धरण्यास सर्वांत योग्य वाद्य कोणते म्हणून जुन्या तबलजींना विचारले तर ते निःशंकपणे सारंगीचे नाव घेतात. म्हणजे भावाभावांपैकी कोण कोणाची साथ करतो हे त्या संध्याकाळी कोण मध्यभागी बसणार यावर ठरणार, आणि धाकट्याने साथ सोडण्याचा निर्धार केव्हाच जाहीर केला असला तरी थोरल्याने सोलो वाजवावयाचे ठरविताच धाकट्याला तो निर्धार तेवढ्यापुरता बाजूला ठेवून लेहरा धरावा लागणार. मध्वांच्या तारतम्याला हे बसत नाही. शंकराचार्यांना चालेल, पण त्यांना दोन भावांची आवश्यकताच राहणार नाही.